खाडाखोड नको, दुरुस्ती हवी
(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी झालेल्या कर्मचारी मेळाव्यात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



‘कामात व दैनंदिन जीवनात सद्गुणांचे आचरण’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्त मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांमध्ये गेले. सद्गुणांवर प्रवचन करण्याचा अधिकार माझ्याजवळ नाही. परंतु विचार करता असे वाटले की, हिशेबाच्या वहीनेच मला एक सद्गुण शिकविला आहे. त्याविषयी बोलण्यास हरकत नसावी.

हिशेब लिहिण्याचा एक जुना नियम आहे. लिहिलेला आकडा चुकला तर तो खोडरबराने पुसायचा नाही, त्यावर दुसरा आकडा गिरवायचा नाही, पांढऱ्या शाईने झाकायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे. आपल्या परिचारिका भगिनींना हा नियम निराळ्या वहीतून ठाऊक आहे. रुग्णाच्या केसपेपरवरची नोंद चुकली तर तीही अशीच एका रेघेने, तारीख, वेळ व सहीसह दुरुस्त करावयाची असते. लेखा विभाग आणि वॉर्ड यांचे धर्म वेगळे असले तरी या एका बाबतीत त्यांचे शास्त्र एकच आहे. चूक पुसायची नसते, ती दुरुस्त करायची असते. हाच सद्गुण आज मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

या पुण्याच्या इतिहासात त्याचे एक मोठे उदाहरण आहे. १८९७ साली शहरात प्लेगने थैमान घातले होते. प्लेग कमिटीचे अध्यक्ष रँड यांच्या अमलाखाली गोरे सोल्जर घरोघर शिरून तपासणी करीत आणि त्या जाचाने लोक संतप्त झाले होते. याच काळात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी स्वर्गवासी झाल्या, हे आपण रुग्णसेवकांनी कधीही विसरू नये. त्यावेळी गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडला गेले होते. वय अवघे एकतीस. पुण्याहून त्यांना पत्रे गेली आणि त्यांत सोल्जरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे गंभीर आरोप होते. पत्रे लिहिणारांवर विश्वास ठेवून गोखल्यांनी ते आरोप ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केले. मुंबई सरकारने त्यांचा इन्कार केला आणि मोठे वादळ उठले.

मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी पुरावा गोळा करण्याचा प्रयत्न केला. परंतु ज्यांनी लिहिले होते, त्यांच्यापैकी कोणी उघडपणे पुढे येईना. अशा वेळी माणसापुढे तीन वाटा असतात. गप्प बसावे, ही पहिली. ‘मला अमुक अमुक माणसाने सांगितले’ म्हणून हात झटकावेत, ही दुसरी. आणि तिसरी वाट म्हणजे, जे आपण सिद्ध करू शकत नाही ते आपण बोलायला नको होते, हे जाहीरपणे मान्य करावे. गोखल्यांनी तिसरी वाट धरली. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी वृत्तपत्रांतून विनाशर्त माफी मागितली. मात्र पत्रे लिहिणारांची नावे त्यांनी उघड केली नाहीत. सारा दोष स्वतःच्या माथी घेतला.

ही माफी त्यांना स्वस्त पडली नाही. स्वकीयांनी त्यांना भेकड ठरविले. प्लेगच्या तपासणीतील जाच खराच होता आणि गोखल्यांच्या माफीमुळे तो खोटा ठरत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. त्यांनी माघार घेतली ती ज्या विशिष्ट आरोपाचा पुरावा त्यांच्या हाती नव्हता, तेवढ्यापुरती. माफी मागावयास हवी होती की नाही, याविषयी इतिहासकारांमध्ये मतभेद असू शकतील. मला त्यात दिसतो तो हिशेबनिसाचा नियम. आकडा पुसला नाही, त्यावर रेघ मारली आणि खाली स्वतःची सही केली. पुढे प्लेग निवारणाच्या कामात ते स्वयंसेवक म्हणून उतरले. दोनच वर्षांनी, १८९९ मध्ये, ते मुंबई कायदे कौन्सिलवर निवडून गेले आणि १९०५ मध्ये याच शहरात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. मान्य केलेल्या चुकीने माणूस संपत नाही.

थोरांच्या चरित्रातून आता स्वतःकडे वळतो. मी नोकरीत नवीन होतो. दुसऱ्या एका रुग्णालयात बिलांच्या खिडकीवर बसत असे. एकाच आडनावाचे दोन रुग्ण एकाच आठवड्यात दाखल होते. एकाच्या मुलाने भरलेली तीन हजार रुपयांची अनामत मी दुसऱ्याच्या खाती जमा केली. डिस्चार्जच्या दिवशी तो मुलगा म्हणाला, “साहेब, मी पैसे भरलेत.” मी म्हणालो, “पावती दाखवा.” धावपळीत त्याची पावती हरवली होती. मागे रांग वाढत होती. मी पुन्हा म्हणालो, “पावती नसेल तर आम्ही काय करणार?” तो गेला आणि दोन तासांनी कोठून तरी पैसे घेऊन आला. मी ते मोजून घेतले.

आठवड्याने दुसऱ्या रुग्णाचे बिल झाले. मी जादा रक्कम परत देऊ लागलो. त्या वृद्ध रुग्णाबरोबर त्यांची पत्नी होती. त्या माउलीने नोटा पुन्हा माझ्यापुढे सरकविल्या. म्हणाल्या, “आम्ही एवढे भरलेच नव्हते. हे दुसऱ्या कोणाचे तरी असतील.” बाईंच्या हातातील पिशवी फाटलेली होती, हे मला अजून आठवते.

माझी चूक माझ्या लक्षात आली आणि, खरे सांगतो, पहिला विचार आला तो ती गुपचूप मिटविण्याचा. एक जमाखर्ची नोंद, एक मनिऑर्डर, काम संपले असते. मी आमच्या लेखापालांकडे गेलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले, आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाले, “पैसे तुम्ही स्वतः नेऊन द्या.” दुसऱ्या दिवशी एस.टी.ने मी वेल्हे भागातील त्यांच्या गावी गेलो. त्या मुलाने पैसे घेतले, मला चहा दिला आणि म्हणाला, “पैसे आले ते बरं झालं साहेब. पण त्या दिवशी खिडकीवर चारचौघांत मी खोटा ठरलो, त्याचं काय?”

मित्रहो, या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आजही नाही. तीन हजारांची दुरुस्ती वहीत करता आली. त्याच्या शब्दाची गेलेली पत मला परत करता आली नाही. म्हणूनच आपल्या खिडकीवर मी एक पद्धत आग्रहाने पाळावयास लावतो. कोणी ‘पैसे भरले आहेत’ असे म्हणाले, तर पावती मागण्याआधी आपली वही तपासावी. नावाबरोबर नोंदणी क्रमांक पाहावा. समोरचा माणूस खरे बोलत असेल, हे आधी गृहीत धरावे. सद्गुण मनात असून भागत नाही. तो कामाच्या पद्धतीत उतरवावा लागतो, म्हणजे आपण दमलेले, चिडलेले असतानाही तो पाळला जातो.

पैशाची चूक दुरुस्त तरी होते. वॉर्डातील चूक कित्येकदा तेवढी सवड देत नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने १९९९ साली एक अहवाल काढला. वैद्यकीय चुकांमुळे तेथील रुग्णालयांत दरवर्षी ४४,००० ते ९८,००० रुग्ण दगावत असावेत, असा अंदाज त्यात होता. त्या अहवालाचे सार असे की, बहुतेक चुका वाईट माणसे करीत नाहीत; चांगली माणसे सदोष पद्धतीत काम करताना त्या घडतात. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी तपासणी यादी तयार केली. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ती वापरून पाहिली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. या यादीत एक साधी पायरी आहे. छेद घेण्यापूर्वी खोलीतील प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावयाचे. ज्याने एकदा तोंड उघडले आहे, तो पुढे काही चुकत असल्यास ‘थांबा’ म्हणण्यास कचरत नाही.

हा ‘थांबा’ म्हणण्याचा धीर सर्वांत धाकट्या परिचारिकेला, वॉर्डबॉयला, मावशींना वाटला पाहिजे. तो वाटतो की नाही, हे मात्र ज्येष्ठांच्या हाती आहे. चूक सांगणाऱ्यावर सर्वांदेखत खेकसणारा वरिष्ठ पुढच्या दहा चुका स्वतःच्या हाताने झाकून टाकतो. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण व्यवहारात चालत असेल, रुग्णालयात झाकल्या मुठीची किंमत रुग्ण मोजतो. येथे चूक आणि हयगय यांतील फरकही स्पष्ट केला पाहिजे. प्रामाणिकपणे झालेली आणि तत्काळ सांगितलेली चूक शिकण्याचा विषय आहे. जाणूनबुजून केलेली हयगय व लपवाछपवी शिस्तीचा विषय आहे. भीती खरी असते, हे मी नाकारीत नाही. नातेवाईकांचा राग अनावर होतो. वैद्यकीय सेवकांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. तरीही माझा अनुभव असा की, लोक चुकीपेक्षा लपविण्याने अधिक दुखावतात.

धर्मादाय संस्था म्हणून आपल्यावर आणखी एक जबाबदारी आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या असतात आणि बिलांच्या एकूण रकमेच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावयाची असते. या नोंदींत एखाद्या महिन्यात आकडा कमी भरला, तर तो कमीच लिहावा आणि कमी का भरला, याचा शोध घ्यावा. समाजसेवा विभागाच्या टेबलापर्यंत न पोहोचता एखादा गरीब रुग्ण दारातूनच परतला असेल, तर ती आपली चूक आहे आणि गिरवलेल्या आकड्याखाली तो माणूस कायमचा दिसेनासा होतो.

हा सद्गुण रुग्णालयाच्या फाटकापाशी ठेवून घरी जाता येत नाही. मुलावर विनाकारण रागावल्यावर ‘माझे चुकले’ असे त्याला किती पालक म्हणतात? जो घरी म्हणू शकत नाही, त्याला कामावर ते शब्द ऐन वेळी सापडत नाहीत.

म्हणून आज फार मोठा संकल्प सुचवीत नाही. झालेली चूक त्याच दिवशी सांगावी. सांगताना दुसऱ्याचे नाव पुढे करू नये. आणि कोणी आपल्याकडे चूक सांगण्यास आला, तर आधी त्याला बसावयास सांगावे, शांतपणे ऐकून घ्यावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले. आमच्या त्या लेखापालांनी माझ्यासाठी एवढेच केले होते, आणि त्या माउलीने तर तेही कोणी न सांगता केले होते.