सुटीतला समुद्र

बंगळूरला समुद्र नाही. या शहरात त्याचा उल्लेख आढळतो तो रेल्वे स्थानकावरील पिवळ्या पाटीवर, आणि तोही आपण समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर उभे आहोत एवढे सांगण्यापुरता. मी राहतो ते जयनगर १९४८ साली आखणीबरहुकूम वसविण्यास आरंभ झालेले. रस्त्यांवर दाट सावली आहे, हवा सौम्य आहे, आणि कोकणी माणसालाही येथे तक्रारीस फारशी जागा नाही. तरीदेखील शुक्रवारची संध्याकाळ झाली की पाठीवर पिशव्या अडकवलेली तरुण मंडळी थांब्याथांब्यावर दिसू लागतात. रात्रीच्या बसगाड्या त्यांना गोकर्ण, कारवार आणि गोव्याकडे नेतात. कुठे निघालात, असे विचारले तर उत्तर येते, “बीचवर.” या उत्तरात गावाचे नाव नसते. पाणी आणि वाळू जेथे असेल तेथे जायचे, इतकाच त्याचा अर्थ.

हे उत्तर ऐकले की मला नवल वाटते. माझे आजोळ वेंगुर्ले तालुक्यातले. माझ्या बाळपणीच्या सगळ्या सुट्या समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गेल्या; पण आम्ही समुद्रावर सुटीसाठी जातो, असे आमच्या घरात कोणी कधी म्हटल्याचे स्मरत नाही. आम्ही गावी जात असू. समुद्र तेथे होताच, जसा परसात माड होता आणि ओसरीवर झोपाळा होता.

समुद्रकाठी सुटी घालविण्याची कल्पना मूळची इंग्रजांची, आणि तिचा उगम मौजेत नसून वैद्यकात आहे. १७५० साली डॉ. रिचर्ड रसेल यांनी एक लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला. ग्रंथींच्या विकारांवर समुद्राचे पाणी गुणकारी आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. रोगी ब्रायटनला जाऊ लागले. चाके लावलेल्या लाकडी खोल्या घोड्यांकरवी पाण्यात नेऊन, भिडस्तपणे आतल्या आत कपडे बदलून, ते औषध घेतल्याप्रमाणे समुद्रस्नान करीत. मग राजपुत्र आला, त्याच्यामागून सरदार आले, आणि १८४१ मध्ये लंडनहून ब्रायटनपर्यंत आगगाडी सुरू झाल्यावर सामान्य माणूसही येऊन पोहोचला. १८७१ च्या कायद्याने त्याला चार हक्काच्या सुट्या मिळाल्या. १८९४ साली ब्लॅकपूल येथे पोलादी मनोरा उभा राहिला, आणि १९३८ च्या कायद्याने भरपगारी रजेचे तत्त्व मान्य झाले. इंग्रजांच्या आठवणींतून डोकावणारी ती दुनिया, म्हणजे पाण्यात शिरलेले लांबलचक धक्के, त्यांवरचा बँड, वाळूत गाढवांवरून रपेट करणारी मुले आणि न्याहारीनंतर पाहुण्यांना बाहेर पिटाळणारी खाणावळीची मालकीण, अशी टप्प्याटप्प्याने घडत गेली.

या कथेतला एक भाग आम्हा मराठी माणसांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. लँकशायरमधील कापडगिरण्यांच्या गावांत वर्षातून एक आठवडा गिरण्या बंद राहत. प्रत्येक गावाचा आठवडा ठरलेला असे. त्या आठवड्यात भोंगा वाजत नसे, धुराडी थंड असत, आणि अवघे गाव ब्लॅकपूलला लोटे. तेथेही शेजारी तेच, गप्पा त्याच. फक्त पुढ्यात मागांऐवजी समुद्र! आता आपली मुंबई आठवा. परळ-लालबागच्या गिरण्यांत कापूस तोच होता आणि चात्याही तशाच फिरत होत्या. त्या चालविणाऱ्या हातांतले कितीतरी हात रत्नागिरी जिल्ह्यातले होते. शिमगा आला, मे महिना आला, की हा चाकरमानीही समुद्राकडे धावे. फरक एवढाच की लँकशायरचा कामगार समुद्राकाठी पाहुणा म्हणून जाई, आणि आमचा कामगार समुद्राकाठी घरी येई. एकाला तेथे भाड्याची खोली मिळे. दुसऱ्याच्या वाट्याला गळके कौल शाकारण्याचे काम येई.

मायदेशी समुद्राचे एवढे वेड असलेले इंग्रज येथे मात्र समुद्राकडे पाठ फिरवून महाबळेश्वरला, माथेरानला आणि उटीला चढले. येथल्या किनाऱ्यावर त्यांना उकाडा आणि ताप तेवढे दिसले. खुद्द बंगळूरची लष्करी छावणी त्यांना मानवली ती उंचीवरच्या गारव्यामुळे. आम्हीही थंड हवेची ठिकाणे म्हटली की डोंगरच आठवायला शिकलो. त्यामुळे कोकणचा समुद्र साहेबाच्या मौजेतून वाचला आणि आमच्या गरजेपुरता आमच्यापाशी राहिला.

ती गरज म्हणजे मुख्यतः रस्ता. घाट अवघड, खाड्यांवर पूल नाहीत, अशा काळात मुंबईहून कोकणात जाण्याचा राजमार्ग पाण्यावरून होता. मी त्या आगबोटींत बसलो नाही. माझ्या पिढीच्या वाट्याला एसटीचा रात्रीचा प्रवास आला. परंतु आजोबांच्या तोंडून ही बोट इतक्या वेळा ऐकली आहे, की तिच्या डेकवरची वळकटी मला आजही उलगडता येईल. भाऊच्या धक्क्यावरची झुंबड, ट्रंकांवर बसून राखलेली जागा, आणि मग एकामागून एक येणारी बंदरे: हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बहुतेक ठिकाणी बोट काठाला लागतच नसे. ती दूर पाण्यात उभी राही, पडाव येऊन बिलगत, आणि हेलकावणाऱ्या त्या पडावांत आधी पोरे, मग बोचकी आणि शेवटी म्हाताऱ्या उतरविल्या जात. ‘बोट लागणे’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग बंदराला लागलेल्या बोटीलाही चालतो आणि पोटात ढवळून आडव्या झालेल्या उतारूलाही. दोन्ही अर्थ त्या एका प्रवासात अनुभवाला येत.

हा प्रवास भोळा नव्हता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईपासून थोड्याच अंतरावर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर आले असताना किनाऱ्यावरील अनेक घरांत सुतक होते. समुद्राविषयी बोलताना जुनी माणसे आवाज उतरवून का बोलत, हे यावरून उमजते. आजी आम्हा मुलांना बजावीत असे, “एकटो दर्यार जाव नको.” त्या बजावण्यात भीती होती तितकाच आदरही होता. नारळीपौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय ज्याच्याशी व्यवहार सुरू करायचा नाही, तो दर्या खेळगडी कसा असेल? कुणकेश्वराच्या यात्रेत गावोगावचे देव पालखीतून येऊन समुद्रस्नान करतात. आमच्याकडे समुद्रस्नानाची सुटी खरी देवांनाच, असे गमतीने म्हणता येईल.

आम्हा मुलांचा समुद्राशी संबंध येई तो रापणीच्या वेळी. होडीतून पाण्यात अर्धवर्तुळ घालीत जाळे सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवरून माणसांनी ओढायचे, अशी ही मासेमारी. ओढणाऱ्यांत रापणकर असत, शेजारी असत, वाटेने जाणारे असत. दोराला ज्याने हात लावला त्याला वाटा, असा रिवाज. शहरातून आलेली आमच्यासारखी बारीक हातांची मुलेही दोर धरीत, आणि जाळे काठाला आले की ओंजळभर तारल्या घेऊन धावत घरी जात. आजीने त्या तव्यावर टाकल्या की आमच्या सुटीला कष्टाची चव येई. पुढे अनेक किनारे पाहिले, पण समुद्राने मला माझा वाटा दिला आहे, हे समाधान पुन्हा कोठे लाभले नाही.

निव्वळ सुखासाठी समुद्राकाठी राहण्याची चाल आपल्या किनाऱ्यावर अगदीच नव्हती असे मात्र नाही. गोव्यात सासष्टीची सुखवस्तू ख्रिस्ती कुटुंबे उन्हाळ्यात कोलव्याच्या किनाऱ्यावर हवापालटासाठी जात. पोर्तुगीज शब्दावरून तिला ‘मुदांस’ म्हणतात. मे महिन्यातील खाऱ्या पाण्याने अंगदुखी जाते, हा तेथील विश्वास डॉ. रसेलना नक्कीच आवडला असता. दुसरे उदाहरण कारवारचे. सत्येंद्रनाथ टागोर हे आय.सी.एस. परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले भारतीय. त्यांनी मुंबई इलाख्यात नोकरी केली, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, आणि काही काळ ते कारवारला न्यायाधीश होते. १८८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांचे धाकटे बंधू रवींद्रनाथ त्यांच्याकडे राहून गेले. अर्धचंद्राकृती किनारा, काळी नदी आणि चांदण्या रात्रीचा नौकाविहार त्यांच्या ‘जीवनस्मृती’त आला आहे. ‘प्रकृतिर प्रतिशोध’ हे नाट्यकाव्य त्यांनी तेथेच लिहिले. एका सरकारी अधिकाऱ्याच्या बदलीमुळे साहित्याचे एवढे भले झाल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या खात्यात तरी नाही!

पुढे दोन्हीकडची दुनिया ओसरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त विमानांनी इंग्रजांना स्पेनच्या उन्हात नेले आणि ब्लॅकपूल-मार्गेटच्या खाणावळी ओस पडू लागल्या. ब्रायटनचा पश्चिम धक्का १९७५ मध्ये बंद झाला आणि २००३ साली आगीत सापडून त्याचा सांगाडा तेवढा उरला. इकडे आपल्या आगबोटीही विसाव्या शतकाबरोबर गेल्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सर्व मार्गावर सुरू झाली. ती आवश्यकच होती. परंतु ती मालवणला गेली नाही आणि वेंगुर्ल्यालाही गेली नाही. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी अशी ती आतून गेली. ज्या बंदरावर गावाचे दर्शनी दार होते, ते मागचे दार झाले. बंदरावरची पेठ निवांत झाली. मग याच मागच्या दाराकडे पर्यटकांची पावले वळली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि ज्या वाळूत जाळी सुकत होती तेथे खुर्च्या आल्या.

यात वाईट काही नाही. ज्या घरांतून मुले मुंबईला मनीऑर्डरीसाठी पाठविली जात, त्याच घरांत आज पाहुण्यांच्या खोल्या आहेत आणि मुलगा घरी आहे. ब्लॅकपूलच्या मालकिणीलाही समुद्राने असेच पोसले होते. मात्र सरकारी नोकर या नात्याने माझ्या हातांखालून रजेचे अर्ज जातात, आणि त्यांतल्या एका रकान्यापाशी माझी नजर थांबते. ‘रजेच्या काळातील पत्ता’, असा तो रकाना आहे. माझे वडील तेथे ‘मुक्काम पोस्ट’ अशी सुरुवात करून गावाचे नाव लिहीत. आता बहुधा तेथे एखाद्या विश्रामगृहाचे नाव असते. किनाऱ्यावर पत्ता असणे आणि किनाऱ्यावर खोली असणे, यांत जे अंतर आहे ते रुपयांत मोजता येत नाही. ज्याचा तेथे पत्ता असतो, त्याला भरती कोठवर येते हे ठाऊक असते, आणि समुद्राने बांध खाल्ला तर त्याची झोप उडते. पाहुणा पुढच्या वर्षी दुसरा किनारा निवडतो. इंग्रजांनी तेच केले, आणि त्यांचे धक्के गंजत राहिले.

१९९१ च्या अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध आले. ते पुढे बदलले, काही सैल झाले. नियमांचे महत्त्व माझ्यासारख्याने नाकारू नये. परंतु किनारा सर्वांचा राहतो तो तेथे सर्वांना काही काम असते म्हणून. जाळी सुकविण्यास जागा हवी, मासळीच्या लिलावास जागा हवी, पालखीला पाण्यापर्यंत वाट हवी, आणि रापण ओढायला मोकळी वाळू हवी. एवढे राखले तर खुर्च्याही खुशाल राहोत.

शुक्रवारी रात्री जयनगरातून निघणाऱ्या तरुणांना मी एवढेच सुचवीन. जेथे जाल त्या गावाचे नाव विचारा, तेथल्या बंदरावर एक चक्कर मारा, आणि पहाटे कोणी दोर ओढीत असतील तर दोन हात लावा. ओंजळभर मासळी मिळेल. पुढच्या वेळी कुठे निघालात असे कोणी विचारले, तर तुमच्या तोंडून त्या गावाचे नाव येईल.