पाकोळ्यांशी सलोखा

मानोरा परिसरातील कवेलूच्या घरांच्या आढ्यात दिवसा विसावणाऱ्या आणि तिन्हीसांजेला शिवारावर डास, पतंग टिपणाऱ्या पाकोळ्या (लहान वटवाघळे) कास्तकाराच्या उपकारकर्त्या असल्याने, धूर करून त्यांस पिटाळण्यापेक्षा, बाहेरील भिंतीवर 12 ते 15 फूट उंचीवर, तळाशी उघडी, आतून खरबरीत आणि जेमतेम 2 सेंटिमीटर पोकळीची लाकडी पेटी टांगण्याची तजवीज करावी. आणि पिल्ले उडती झाल्यावर, रात्री सर्व पाकोळ्या बाहेर पडल्याची खातरजमा करूनच आढ्याच्या फटी बुजवाव्यात. वाळलेली विष्ठा झाडण्यापूर्वी पाणी शिंपडून नाकातोंडास फडके बांधावे. पाकोळीस उघड्या हाताने कदापि शिवू नये. चावा वा ओरखडा झाल्यास जखम साबणपाण्याने 15 मिनिटे धुऊन विनाविलंब सरकारी दवाखाना गाठावा, कारण रेबीजच्या बाबतीत दिरंगाई प्राणघातक ठरते.