घरची फुलबाग आणि जयणा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



प्रभुपूजेचे फूल कोणी, केव्हा आणि कसे तोडले, हा प्रश्न बाजारातून पुडी आणणाऱ्यास सहसा पडत नाही. पैसे दिले की विषय संपतो. ज्याच्या दारी झाड आहे, त्याला मात्र तो रोज सकाळी पडतो. रोडपालीतील एका कुटुंबास तो कसा पडला, त्याची ही हकीकत.

रोडपाली म्हणजे कळंबोलीला लागून असलेले, खाडीजवळचे गाव. जमीन भरावाची, मुरमाड. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की पाण्याचा निचरा लवकर होत नाही. या कुटुंबाच्या घरापुढे चार फूट रुंदीची पट्टी होती. तेथे बाग करण्याचा संकल्प आजींचा. पूजेला घरचे फूल असावे, एवढीच त्यांची इच्छा. मुलाने विटांचे दोन थर रचून वाफा उंच केला, लाल माती व शेणखत आणले. नातू सुकलेला पालापाचोळा गोळा करी. पाचोळा आणि स्वयंपाकघरातील उरलेसुरले यांतून सुपीक माती होते, हे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून घरोघरी पोहोचविले होते, तोच मार्ग येथे उपयोगी पडला.

पृथ्वीकायाची विराधना कमीत कमी व्हावी म्हणून आजींनी नियम घातला, की चातुर्मासात खणायचे नाही. रोपे लावण्याचा योग्य काळ तर पावसाळ्याचा आरंभ! तेव्हा मृगाच्या सरीपासून आषाढी चौमासी चौदसपर्यंतच्या मोजक्या दिवसांत सर्वांनी मिळून तगर, मोगरा, जास्वंद आणि पारिजातक लावला. कुंड्यांखालच्या बशा काढून टाकल्या. साचल्या पाण्यात जीव उत्पन्नच होऊ नयेत, हीच खरी जयणा.

दुसऱ्या पावसाळ्यात तगरीवर बोटाएवढ्या जाड, हिरव्या अळ्या आल्या. नातवाने औषध फवारण्याचा आग्रह धरला; आजींनी निक्षून नकार दिला. आठवड्याभरात झाड बोडके झाले. मुलगा काही दिवस आईवर रुष्ट होता, हेही सांगितले पाहिजे. कालांतराने अळ्या निघून गेल्या आणि तगर पुन्हा पालवली.

खरा पेच पुढेच होता. बारा वर्षांच्या नातीचे आजोळ स्थानकवासी. तेथे वनस्पतिकायाविषयी ऐकून आल्यावर तिने एका सकाळी आजींचा हात धरला, “आजी, फूल तोडू नकोस. त्यालाही जीव आहे ना?” आजी म्हणाल्या, “मी माझ्या वेणीसाठी तोडत नाही, बाळ. भगवंतासाठी तोडते.” “पण झाडाला ते कुठं कळतं?” या प्रश्नास आजींकडे उत्तर नव्हते. सुनेची स्थिती अवघड झाली. सासरची पुष्पपूजा आणि माहेरची मान्यता, दोन्ही तिला पूज्य. आणि मुलीला हे तिनेच शिकविले असावे, असा संशय घरात कोणी उघड बोलला नाही, इतकेच.

अखेर तिने दोन्ही परंपरांना मान्य असलेले दशवैकालिक सूत्र समोर ठेवले. आचार्य शय्यंभवांनी हे सूत्र आपला पुत्र बालमुनी मनक याच्यासाठी रचले. त्याचे आयुष्य सहाच महिने उरले आहे हे जाणून पित्याने साररूपाने ते दिले, असे परंपरा सांगते. त्याचे पहिलेच अध्ययन ‘द्रुमपुष्पिका’. भ्रमर जसा फुलाला पीडा न देता थोडा थोडा रस घेतो, तशी साधूची भिक्षा असावी, हा त्याचा आशय. दृष्टांत साधूच्या गोचरीचा आहे, पूजेचा नव्हे; परंतु त्या घरात बोलण्याची वाट मोकळी झाली.

पारिजातक सायंकाळी फुलतो आणि पहाटे आपणहून ढाळतो. तोडण्याचा प्रश्नच नाही. मात्र भूमीवर पडलेले फूल पूजेस चालत नाही. म्हणून झाडाखाली वस्त्र बांधण्याचे ठरले. प्रथम मलमल लावली. ती दवाने भिजून फुलांना चिकटे, पाकळ्या फाटत. मग कोरे मांजरपाट धुऊन, त्याची खळ काढून, चार काठ्यांना हातभर उंचीवर ताणून बांधले. पहाटे नात आणि आजी दोघी ते वस्त्र सोडू लागल्या.

पारिजातकाचा बहर मात्र बाराही महिने नसतो. उन्हाळ्यात मोगरा येतो, तो तोडावाच लागतो. तेथे आजींनी आपल्यापुरती मर्यादा घातली: कळी नको, पूर्ण उमललेलेच फूल, सुईने ओवायचे नाही, ओंजळभरापेक्षा अधिक नाही. नातीला हेही मान्य नाही. फुले तोडताना ती तेथे थांबत नाही. मोगऱ्याला पाणी मात्र तीच घालते.