पाहुण्याच्या हाती पडणारा कागद

(कोकणातील सरपंच, पंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाची संहिता)



कोकणाला पाहुणा नवा नाही. मात्र पूर्वीचा पाहुणा ओळखीतून येत असे. ज्याच्या घरी उतरायचे त्याचे नाव एसटीच्या थांब्यावर सांगितले की एखादा मुलगा पुढे होऊन त्याला अंगणापर्यंत पोचवीत असे. त्या पाहुणचाराला माहितीपत्रकाची गरज नव्हती, दरपत्रकाची तर नव्हतीच. आजचा पाहुणा अनोळखी आहे. तो पैसे मोजून राहतो, आणि घर पाहण्यापूर्वीच त्याला त्या घराविषयी निर्णय घ्यावा लागतो. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली, सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्ये घोषित करण्यात आला, आणि १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. त्यानंतरच्या काळात किनाऱ्यावरच्या गावांतून राहत्या घराच्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ‘निवास व न्याहारी’ योजनेने तिला सरकारी मान्यताही मिळाली. अशा घरांचा आणि लहान लॉजचा व्यवसाय ज्या छापील कागदावर काही अंशी अवलंबून असतो, त्याचा येथे विचार करावयाचा आहे.

आता मोबाइल असताना कागद कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. पाहुणा घर शोधतो ते बहुधा मोबाइलवर, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु घाट उतरून खाली आल्यावर अनेक ठिकाणी मोबाइलची रेंज जाते, आणि मग उरते ती रस्त्याकडेची पाटी. घरात पाऊल टाकल्यावर जेवणाची वेळ, गरम पाण्याची सोय, समुद्रात केव्हा उतरावे व केव्हा उतरू नये, हे सांगणारा कागद भिंतीवर लागतो. आणि परत जाताना जे कार्ड पाहुण्याच्या खिशात जाते, तेच पुढच्या वर्षी त्याच्या शेजाऱ्याच्या हातात पडते. मालवणचे जयंतराव साळगावकर यांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू केले. भिंतीवरच्या खिळ्याला वर्षभर लटकणाऱ्या कागदाची ताकद त्यावरून साऱ्या महाराष्ट्राला कळली आहे.

मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. नाना फडणवीसांचे गाव म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. आज मात्र ते ओळखले जाते कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांच्या माद्या रात्री वाळूत येऊन खड्डा करतात व एका घरट्यात सुमारे शंभर अंडी घालतात. ही अंडी पूर्वी माणसे आणि कोल्ही-कुत्री यांच्या तोंडी जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांच्या मदतीने संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपणाआड सुरक्षित जागी हलवायची आणि पिल्ले बाहेर आली की समुद्राकडे सोडायची, अशी ही पद्धत. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला आणि हे दृश्य पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे वेळासला येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते. तेव्हा पाहुणे घरोघरी उतरले. पडवीत गाद्या आणि पानात घरचे साधे जेवण, एवढ्यावर हा व्यवसाय उभा राहिला, व त्याचा मोठा भार गावातील स्त्रियांनी उचलला.

येथे छापील शब्दाची कसोटी लागते. अंडी उबण्यास साधारणपणे ४५ ते ५५ दिवस लागतात. परंतु तो काळ वाळूच्या उष्णतेवर अवलंबून असतो. पिल्ले अमुक तारखेस बाहेर येतील असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. अशा स्थितीत ‘कासवाची पिल्ले हमखास पाहा’ असे छापणारे पत्रक पाहुणा तर आणील, पण दोन दिवस रिकाम्या किनाऱ्यावर उभा राहून तो परतला म्हणजे फसवणुकीचा शिक्का एका घरावर न बसता साऱ्या गावावर बसतो. त्याहून वाईट म्हणजे, हमी दिलेली पिल्ले दाखविण्यासाठी ती टोपलीत रोखून धरण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. आणि हा प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली संरक्षित आहे. म्हणून पत्रकात लिहावयाचे ते असे : हंगाम साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल, पिल्ले सोडली जातात सकाळी व संध्याकाळी, दिसतीलच याची खात्री नाही, निघण्यापूर्वी फोन करून चौकशी करावी. या चार ओळींमुळे काही गिऱ्हाइके कमी होतील, हे खरे. जी येतील ती मात्र चिडून परत जाणार नाहीत.

पाट्यांचाही कासवांशी संबंध आहे. वाळूतून निघालेले पिल्लू क्षितिजावरच्या उजेडाकडे चालते. निसर्गात तो उजेड समुद्राचा असतो. किनाऱ्यालगत रात्रभर झगमगणारी पाटी लावली तर पिल्ले उलट दिशेने, वस्तीकडे वळतात. ज्या कासवांच्या नावावर घर चालते त्यांचीच वाट चुकविणारी जाहिरात असू नये, याची काळजी ग्रामपंचायतीने ठरावाने घेता येईल.

आता नावाविषयी. किनाऱ्यावरून फिरताना ‘बीच व्ह्यू’, ‘सी पॅराडाइज’, ‘ब्लू लगून’ ही नावे इतक्या वेळा भेटतात की पाहुण्याला आपण कोठे उतरलो होतो हे घरी गेल्यावर आठवत नाही. ज्या घराच्या दारात फणस आहे, ज्याच्या परसात नारळी-पोफळीची वाडी आणि पाटाचे पाणी आहे, त्याला नावासाठी लांब जावे लागू नये. एकदा ठरलेले नाव मात्र पाटीवर, कार्डावर, पावतीवर आणि मोबाइलवरच्या नकाशात एकाच शुद्धलेखनात असावे. पाटीवर ‘वाडी’ आणि कार्डावर ‘फार्म’ अशी स्थिती असेल तर अंधार पडल्यावर पोचणारा मोटारवाला दोनदा पुढे जाऊन दोनदा मागे येतो. दुकाने व आस्थापनांच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत असावे आणि अन्य लिपीतील अक्षरे त्याहून मोठी नसावीत, हे अधिनियमातील २०२२ च्या सुधारणेने स्पष्ट केलेलेच आहे.

मजकुराच्या बाबतीत सर्वांत निरुपयोगी शब्दप्रयोग म्हणजे ‘सर्व सोयींनी युक्त’. यातून काहीच कळत नाही. संडास खोलीला लागून आहे की अंगण ओलांडून जावे लागते, पाणी नळाचे आहे की विहिरीचे, जिना किती पायऱ्यांचा आहे, हे कळले म्हणजे गुडघेदुखीची आजी बरोबर असलेले कुटुंब आपला निर्णय स्वतः घेते. जेवणाचेही तसेच. ‘स्वादिष्ट घरगुती भोजन’ असे लिहिण्यापेक्षा सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी व सोलकढी, मासे बाजारात मिळतील त्याप्रमाणे, असे लिहावे. ‘मिळतील त्याप्रमाणे’ हे शब्द गाळू नयेत. पावसाळ्याच्या आरंभी मासेमारी बंद असते हे शहरातल्या पाहुण्यास ठाऊक नसते. छायाचित्र स्वतःच्या घराचे असावे. दुसऱ्या देशातील निळ्या समुद्राचे चित्र छापण्याची चाल काही ठिकाणी दिसते, तिचे समर्थन कोणत्याही प्रकारे करता येणार नाही.

भिंतीवर लावायच्या कागदात एक गोष्ट अशी आहे की जी पर्यटनाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही. किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसांना भरतीचा हिशेब तोंडपाठ असतो : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पाणी ओसरत असताना पोहणारा माणूस आत ओढला जाण्याचा धोका वाढतो. दरवर्षी किनाऱ्यावर पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि त्यांतले बहुतेक ज्या गावात बुडाले त्या गावातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला त्या दिवसाची ओहोटी ठाऊक असते. हे ज्ञान घरमालकाच्या डोक्यातून दाराच्या मागील बाजूस आले पाहिजे. त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ लिहिण्यासाठी रिकामी जागा सोडलेला एक तक्ता छापून घ्यावा. त्यात रोज सकाळी घरातल्या शाळकरी मुलाने आकडे भरावेत, व ते भरती-ओहोटीच्या सरकारी वेळापत्रकाशी पडताळून घ्यावेत. कोठे उतरू नये हेही त्यातच ठळक अक्षरांत असावे. या तक्त्यासाठी गुळगुळीत आर्ट पेपर घेऊ नये, कारण त्यावर बॉलपेन नीट उमटत नाही.

कागदाचा विषय निघाला आहे तर छपाईच्या हिशेबाचेही थोडे पाहावे. ए-फोर आकाराच्या कागदाला दोन घड्या घातल्या की सहा पानांचे पत्रक तयार होते, व ते खिशात मावते. १३० ग्रॅमचा कागद त्याला पुरेसा आहे. ऑफसेट छपाईत प्लेट तयार करण्याचा आणि यंत्र लावण्याचा खर्च पाचशे प्रतींना जेवढा, तेवढाच पाच हजारांना. त्यामुळे प्रत जसजशी वाढते तसतशी स्वस्त पडते. या स्वस्ताईला भुलून पाच हजार प्रती काढल्या जातात, वर्षभरात फोन नंबर बदलतो, दर बदलतात, आणि उरलेले गठ्ठे माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन होतात. तीन खोल्यांच्या घराला वर्षाकाठी दोन-तीनशे पत्रके पुष्कळ झाली, आणि तेवढ्यासाठी तालुक्याच्या गावची डिजिटल छपाई परवडते. दर पत्रकात छापूच नयेत. त्यासाठी वेगळा एक कागद ठेवावा. पाटीबाबत उन्हाचा विचार करावा लागतो. चाररंगी छपाईतील पिवळा आणि किरमिजी रंग उन्हाने आधी उडतो, निळा व काळा मागे राहतो. म्हणूनच रस्त्याकडेच्या जुन्या फ्लेक्सवरचे आंबे निळसर दिसतात. पत्र्यावर ऑइलपेंटने पेंटरकडून लिहून घेतलेली पाटी दिसायला साधी, पण कोकणच्या पावसात ती अधिक टिकते आणि पुन्हा रंगवता येते. ती झाडाला खिळे ठोकून लावू नये, व रस्त्याच्या हद्दीत लावायची तर त्या रस्त्याच्या खात्याची परवानगी घ्यावी, हे ओघानेच आले.

खरी अडचण पैशाची नाही, ती गावात आहे. प्रत्येक घराने आपापले पत्रक काढण्यापेक्षा गावाने मिळून एक पत्रक काढावे, हे सर्वांना पटते. आणि मग यादीत पहिले नाव कोणाचे, या प्रश्नावर बैठक मोडते. रस्त्यालगतच्या घराला वाटते की पाहुणे तसेही आपल्याकडेच येतात, तर वर्गणी कशाला द्यावी. वाडीच्या टोकाला राहणाऱ्या विधवा स्त्रीच्या एका खोलीचे नाव मात्र कोणी सुचवीत नाही. महिलांच्या पर्यटन व्यवसायाला प्रोत्साहन देणारे ‘आई’ धोरण शासनाने २०२३ मध्ये आणले. त्याचा लाभ या टोकाच्या घरापर्यंत पोचायचा असेल तर आधी ते घर पत्रकात आले पाहिजे. यावर तोडगा साधा आहे. घरांची नावे योग्यतेच्या क्रमाने न देता नकाशावर आकड्यांनी दाखवावीत, आणि दर आवृत्तीत यादीचा आरंभ वेगळ्या वाडीपासून करावा. चौकशीसाठी एकच क्रमांक द्यावा व येणारे पाहुणे पाळीने वाटावेत. पाळीची वही ग्रामपंचायत कार्यालयात सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. वही उघडी राहिली तर संशयाला जागा कमी राहते.

नकाशाचे काम शाळेने हाती घ्यावे. सातवी-आठवीच्या मुलांना गावातील देऊळ, विहीर, साकव, एसटीचा थांबा आणि दवाखाना अचूक ठाऊक असतो. भूगोलाच्या तासाला काढलेला असा नकाशा शहरातल्या जाहिरात संस्थेच्या नकाशापेक्षा खरा ठरण्याचा संभव अधिक. वेळाससारख्या गावाच्या नकाशात बाणकोटची खाडी आणि बागमांडला-वेसवी ही जंगल जेटीची फेरी दाखवलीच पाहिजे. हरिहरेश्वरहून येणाऱ्या पाहुण्यास ही फेरी ठाऊक नसेल तर त्याला मोठा वळसा पडतो, आणि शेवटची फेरी चुकली तर रात्र पलीकडच्या तीरावर काढावी लागते. मुद्रिते तपासण्याचे काम मराठीच्या शिक्षकांनी करावे. फोन नंबरातील एक आकडा चुकला तर साऱ्या प्रती वाया जातात; म्हणून तो नंबर छपाईपूर्वी प्रत्यक्ष फिरवून पाहावा.

पत्रकाचा उपयोग होतो की नाही हे कळण्यास पाहुण्यांच्या नोंदवहीत ‘येथील माहिती कोठून मिळाली’ असा एक रकाना वाढवला तरी पुरते. हंगाम संपला की मे महिन्याच्या अखेरीस ती वही आणि शिल्लक प्रती समोर घेऊन बसावे, पाहुण्यांनी वारंवार विचारलेल्या गोष्टी पुढच्या मजकुरात घालाव्यात, कोणी न विचारलेल्या काढून टाकाव्यात. मजकूर गणेशोत्सव आटोपताच छापखान्यात द्यावा. दिवाळी जवळ आली की तेथे दिवाळी अंकांची आणि त्यामागोमाग लग्नपत्रिकांची गर्दी होते, आणि पत्रक हाती येईपर्यंत नाताळचे पाहुणे येऊन गेलेले असतात.