गाठींतला हिशेब



इंका साम्राज्याची गोष्ट बहुतेक वेळा एका संध्याकाळपासून सांगतात. १६ नोव्हेंबर १५३२, काहामार्का गावाचा चौक. स्पॅनिश सरदार फ्रान्सिस्को पिझारोची १६८ माणसं, त्यांत ६२ घोडेस्वार. समोर हजारोंच्या लवाजम्यासह पालखीतून आलेला अतावाल्पा. दिवस मावळायच्या आत सम्राट कैदेत. घोडे, पोलाद, तोफा, सगळं खरं. पण १६८ माणसांनी फार तर चौक मारता येतो, साम्राज्य नाही. म्हणून मी तुम्हाला आधी कोठारात नेणार आहे.

इंका म्हणजे मुळात कुस्कोच्या खोऱ्यातली एक लहानशी जमात. १४३८च्या सुमारास त्यांच्या पाचाकुती या राजाने शेजारच्या चांका लोकांचा हल्ला मोडून काढला आणि पुढे शंभर वर्षांच्या आत आजच्या दक्षिण कोलंबियापासून मध्य चिलीपर्यंत सत्ता पसरली. गाडीचं चाक नाही, लोखंड नाही, लिपी नाही. बाजार आणि नाणी जवळजवळ नाहीतच. कर द्यायचा तो अंगमेहनतीने. याला मीता म्हणत. वेठच म्हणा, पण राबणाऱ्याला राज्य जेवू घाली, मक्याची चिचा पाजी. त्यासाठी हमरस्त्यांलगत डोंगरउतारावर वारा खेळेल अशी कोठारं बांधलेली. त्यांत मका, कपडे, वहाणा, शस्त्रं आणि चून्यो, म्हणजे रात्रीच्या हिवात गोठवून, पायांनी तुडवून, उन्हात सुकवलेला बटाटा. (आपल्या उपासाच्या ताटातला बटाटाही मूळचा याच डोंगरांतला!) आलं-गेलं ते सगळं किपूवर, दोऱ्यांच्या गाठींत नोंदलेलं.

या व्यवस्थेत भेग होती. मेलेल्या राजाची जमीन त्याच्या ममीकडेच राहायची, त्याचे वंशज ती सांभाळायचे. नव्या राजाला स्वतःसाठी नवा मुलूख हवा. जिंकल्या गेलेल्यांच्या मनातला सल वाढतच गेला. १५२७च्या सुमारास सम्राट वायना कापाक वारला, बहुधा देवीने. म्हणजे स्पॅनिश फौजेच्या आधी तिचा रोग पोचला होता. वास्कर आणि अतावाल्पा हे त्याचे मुलगे एकमेकांवर उठले. अतावाल्पा ती लढाई जिंकतो न जिंकतो तोच पिझारो दारात. कैदेतून सुटकेसाठी अतावाल्पाने एक खोली सोन्याने भरून द्यायचं कबूल केलं. सोनं आलं, आणि जुलै १५३३ मध्ये त्याचा गळा आवळला गेला.

आता पुन्हा कोठारांकडे. कुस्कोच्या वाटेवरचं हाउहाचं खोरं. इथले वांका लोक इंकांनी जिंकलेले, यादवीत वास्करच्या बाजूचे, म्हणून अतावाल्पाच्या सेनापतींच्या रोषाचे धनी. खोऱ्यात हजाराहून जास्त कोठारं. पिझारोची माणसं आली तेव्हा वांकांनी दारं उघडली. धान्य दिलं, लामा दिले, हमाल दिले, लढायला माणसं दिली. स्पॅनिश फौज राजधानी कुस्कोला गेली ती इंकांच्याच रस्त्याने, इंकांचाच मका खाऊन.

वांकांना वाटलं, धनी बदलला की दिवस बदलतील. पुढे त्यांचे प्रमुख लिमाच्या न्यायालयात गेले, १५६१ साली किपू घेऊन. इनाम मागत होते. एकेक गाठ चाचपून त्यांनी १५३३पासूनचे आकडे सांगितले, कारकुनांनी स्पॅनिशमध्ये उतरवून घेतले: इतका मका, इतके लामा, इतकी माणसं. त्या हिशेबात दोन बाबी वेगळ्या ठेवलेल्या होत्या. आम्ही दिलं ते एक, आणि तुम्ही लुटून नेलं ते दुसरं.