बेडलम : दवाखान्याच्या नावाचा अर्थ झाला गोंधळ

आज एका इंग्रजी शब्दाची गोष्ट सांगते. शब्द आहे ‘बेडलम’. अर्थ गोंधळ, हलकल्लोळ. सभेत सगळ्या एकदम बोलायला लागल्या, कुणाचं कुणाला ऐकू येईना, की इंग्रजीत म्हणतील, नुसतं बेडलम माजलं.

पण मुळात हे एका दवाखान्याचं नाव आहे. लंडन शहरात १२४७ साली एक मठ उभा राहिला. येशू ख्रिस्ताच्या जन्मगावावरून त्याचं नाव ठेवलं बेथलेहेम. पुढे तिथे आजारी माणसं राहू लागली. १४०३ सालच्या नोंदीत मनाचा आजार असलेले सहा पुरुष तिथे होते, असं लिहिलेलं आहे. आपण ‘स्टेशन’चं ‘ठेसन’ केलं ना, तसंच लोकांच्या तोंडी बेथलेहेमचं बेथलेम झालं आणि बेथलेमचं बेडलम.

१६७६ साली दवाखाना नव्या, मोठ्या इमारतीत गेला. बाहेरून जणू राजवाडा. आणि लोक तिथे रुग्णांना बघायला यायचे! पैसे द्यायचे, आत फिरायचं. सुट्टीच्या दिवशी जत्रेसारखी गर्दी. काही जण रुग्णांना मुद्दाम डिवचायचे आणि ते चिडले की हसायचे. आता सांगा, त्या गोंधळात बघ्यांचा वाटा नव्हता का? पण नाव खराब झालं ते रुग्णांचं. ही मोकळी ये-जा थांबायला १७७० साल उजाडलं.

तरी आतले हाल संपले नाहीत. १८१४ साली पाहणी करणाऱ्यांना तिथे जेम्स नॉरिस नावाचा माणूस सापडला. गळ्यात लोखंडी कडं, ते खांबाला जखडलेलं. असा तो सुमारे दहा वर्षं होता. मग इंग्लंडच्या संसदेने चौकशी केली आणि सुधारणेला जोर आला. तो दवाखाना आजही लंडनमध्ये आहे, तिथे उपचार होतात. शब्दाला मात्र जुनाच अर्थ चिकटून राहिला.

हे आपल्याला नवं आहे का? कुणी जरा वेगळं वागलं की आपण काय म्हणतो? “हिला येरवड्याला पाठवा.” “ठाण्याला भरती करा.” येरवडा आणि ठाणे इथे मनोरुग्णालयं आहेत. जिथे माणूस बरा व्हायला जातो, त्या गावाचं नाव आपण शिवीसारखं वापरतो. मग बाळंतपणानंतर जिचं मन खचलंय, झोप उडालीय, ती सून उपचाराला जाईल कशी? घरचे म्हणतात, लोक काय म्हणतील. आजार लपवतात, तो वाढतो. कुठे कुठे तर माणसाला बांधून ठेवतात. तमिळनाडूत एरवाडी इथे २००१ साली एका आश्रयस्थानाला आग लागली. मनोरुग्णांना साखळ्यांनी बांधलेलं होतं. पळता आलं नाही. २८ जण गेले.

म्हणून लक्षात ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. एवढ्या लांब लगेच जायला नको, आधी आशाताईंना विचारा, जिल्हा रुग्णालयात दाखवा. आणि १४४१६ हा टेली-मानस सेवेचा नंबर लिहून घ्या. फोन फुकट आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

गटाच्या पुढच्या बैठकीत हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि कुणी चेष्टेत “येरवड्याला पाठवा” म्हणालं, तर तिला बेडलमची गोष्ट सांगा.