पोचवणाऱ्याची जबाबदारी कुणाची?



संध्याकाळी साडेसातनंतर कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्याही चालत्या हॉटेलच्या दारात चार-पाच मोटारसायकली तिरक्या लावलेल्या दिसतात. पोरांच्या पाठीला चौकोनी बॅग, हँडलला मोबाईल, कान काउंटरकडे. तांबडा-पांढरा रस्सा डब्यांत बंद होतो, पिशवीला स्टेपल बसते आणि ऑर्डर निघते. पिशवीवरच्या बिलात बारीक अक्षरात 14 आकडी क्रमांक असतो. तो अन्न सुरक्षेचा. पहिला आकडा 1 असला तर परवाना, 2 असला तर नोंदणी. राज्याने दिलेला असेल तर त्यापुढचे 15 म्हणजे महाराष्ट्र. रस्सा शिजवणाऱ्याचा हिशेब असा सरकारदरबारी आहे. मोटारसायकलीच्या पाटीवर एमएच 09 आहे, म्हणजे तीही आरटीओच्या दप्तरात आहे. पिशवी नेणाऱ्या मुलाचे काही बरेवाईट झाले तर जबाब कोणी द्यायचा, हे मात्र त्या बिलावर नाही आणि पाटीवरही नाही.

ॲपवाल्या कंपन्यांपुढे सरकारचे काही चालत नाही, असे सर्रास बोलले जाते. महाराष्ट्राचा अनुभव तसा नाही. 2018 साली अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत स्विगी, झोमॅटो यांसारख्या ॲपवरून जेवण पुरवणाऱ्या ठिकाणांची झाडाझडती घेतली आणि परवाना नसलेल्या 113 ठिकाणांना धंदा थांबवण्याच्या नोटिसा बजावल्या. त्याच वर्षी केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या आदेशामुळे देशभरातली सुमारे साडेदहा हजार हॉटेले कंपन्यांना ॲपवरून उतरवावी लागली.

जून 2025 मध्ये धारावीतल्या झेप्टो या घरपोच किराणा ॲपच्या गोदामाचा परवाना निलंबित झाला. तपासणीत काही पदार्थांवर बुरशी आढळली. माल साचलेल्या पाण्याजवळ ठेवलेला होता, शीतगृहाचे तापमान नियमात बसत नव्हते आणि मुदत संपलेला माल वेगळा काढलेला नव्हता. अधिकाऱ्यांनी दार उघडून आत पाहिले, एवढेच.

परवान्याची खरी ताकद दिसली ती दुचाकी टॅक्सीच्या रॅपिडो ॲपच्या प्रकरणात. पुण्याच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने डिसेंबर 2022 मध्ये कंपनीचा परवान्यासाठीचा अर्ज फेटाळला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. 13 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने विनापरवाना धंद्याबद्दल खडसावले, तेव्हा दुचाकी टॅक्सी, रिक्षा आणि पार्सल या सेवा राज्यभर लगेच थांबवण्याचे कंपनीला कबूल करावे लागले. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तिला दिलासा दिला नाही.

म्हणजे कायद्याच्या हातात बळ आहे. ते कुठे वापरले जाते, हा खरा प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने ॲप कंपन्यांना परवाना सक्तीचा झाला, पण तो प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देणाऱ्यांपुरता. जेवण, किराणा, औषधे पोचवणारी कंपनी त्या व्याख्येत बसत नाही. अन्न सुरक्षा कायदा पदार्थ पाहतो, स्वच्छता पाहतो. पावसात घसरून पडलेला रायडर आणि सकाळी उठून पाहतो तर ॲपवरची आयडी ब्लॉक झालेला रायडर, हे दोघेही या दोन्ही कायद्यांच्या बाहेर राहतात.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या कामगारांना प्रथमच देशपातळीवर कायद्यात जागा दिली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत भरायची, मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या 5 टक्क्यांहून जास्त नाही. त्यातून अपघात विमा, आरोग्य, वृद्धापकाळाची सोय अशा योजना करता येतील. पाऊल मोठे आहे. पण एका ऑर्डरला किमान किती पैसे मिळावेत आणि आयडी कशासाठी बंद केली, याचे उत्तर त्या संहितेतही सापडत नाही.

हे उत्तर शोधायला महाराष्ट्राला परक्या दारात जायची गरज नाही. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे उरकले की हमाल रवे उचलायला लागतात. सकाळी एका अडत्याचा माल, दुपारी दुसऱ्याचा. मग त्यांचा मालक कोण? हाच पेच मुंबईच्या बाजारांत होता. पाटण तालुक्यातून आलेल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित करून लढा दिला आणि 1969 साली माथाडी कायदा झाला. त्याने मालक कोण, या वादावर वेळ घालवला नाही. सरकार, व्यापारी आणि कामगार यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमले. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही तिथेच भरायची. मंडळ मजुरी देणार आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी यांची तजवीज करणार.

दोन ॲपवर काम करणारा रायडर या हमालाचाच धाकटा भाऊ आहे. माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्यांनी तो कायदा बदनाम केला, हेही खरे. ॲपच्या धंद्यात तशा दांडगाईला वाव कमी राहील, कारण प्रत्येक ऑर्डरची वेळ, अंतर आणि रक्कम आधीच संगणकात नोंदलेली असते. लेव्ही तिथल्या तिथे कापता येईल.

शेजारच्या राज्याने हे केलेही आहे. कर्नाटकाच्या 2025 च्या कायद्याने कंपन्यांची आणि कामगारांची नोंदणी सक्तीची केली, रायडरला द्यायच्या रकमेवर 1 ते 5 टक्के कल्याण शुल्क ठेवले आणि काम बंद करण्याआधी लेखी कारणासह 14 दिवसांची नोटीस घातली. राजस्थानने तर 2023 मध्येच देशातला असा पहिला कायदा केला. कागल ओलांडून निपाणीत गेलेल्या रायडरच्या मोबाईलमध्ये ॲप तेच असते, त्याचे हक्क मात्र सीमेवर बदलतात.

म्हणून मागणी नेमकी हवी. घरपोच सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला राज्यात परवाना सक्तीचा करावा. त्याच्या अटींत रायडरची माथाडीसारख्या मंडळाकडे नोंदणी, दर ऑर्डरमागे लेव्ही, अपघाताची भरपाई आणि आयडी बंद करण्यापूर्वी लेखी कारण या चार गोष्टी असाव्यात. अट मोडली तर धारावीच्या गोदामाला लागला तोच नियम लागावा. कोल्हापूर जिल्ह्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा विषय मांडावा, आणि तो मांडायला लावण्यासाठी राजारामपुरीतल्या, शाहूपुरीतल्या ग्राहकांनी रायडरांच्या निवेदनावर आपल्याही सह्या कराव्यात.